बहिणीच्या नावाची बाटली

मी मुंबईत काय शिकते, हे आमच्या वाडीत समजावून सांगणं मोठं कठीण होतं. "डॉक्टरीण होतलंस?" असं कुणी विचारलं की मी नाही म्हणायची. "मगे नर्स?" तेही नाही. मग मी शाळकरी मुलीसारखं सरळ सांगून टाकायची की माणसाचं रक्त, थुंकी, लघवी, शौच तपासून त्याला कसला आजार आहे ते शोधायचं, हे माझं शिक्षण. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा शेजारच्या काकीनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि माझ्या आईला हाक मारली.

"अगो, तुझा चेडू आगबोटीत बसान म्हमयक गेला, ता लोकांचो गू बघूक? तो हयसर काय कमी होतो?"

आई चुलीपुढून उठली नाही. "कोणी तरी बघूक व्हयो ना," ती आतूनच म्हणाली. "तू बघतलंस?"

आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकपर्यंतही पोचलं नव्हतं. बाबा मचव्यावर तांडेल होते, पावसाळ्यात घरी आणि बाकीचं वर्ष पाण्यावर. आई भाताचे कुणगे, म्हणजे खाचरं, एकटीनं सांभाळायची. आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीतून मालवणच्या हायस्कुलात रोज जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी मामाकडे राहून शिकले. माझ्या वाटणीचं घरचं काम पाठच्या बहिणीवर पडलं आणि तिची शाळा चौथीत सुटली. मी मुंबईला बी.एस्सी. करत होते तेव्हा तिचं लग्नही झालं, दोडामार्गाकडच्या एका बागायतीच्या घरात. थोरली तशीच राहिली आणि धाकटीला उजवली, यावरून जी काही बोलणी झाली ती बाबांनी परस्पर ऐकून घेतली. माझ्यापर्यंत त्यांनी ती येऊ दिली नाहीत.

बी.एस्सी.नंतरचा माझा अभ्यासक्रम एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत चालायचा. सकाळी वॉर्डात फिरून नमुने गोळा करायचे, दुपारी ते तपासायचे, संध्याकाळी व्याख्यान. तेव्हा रक्त मोजायचं तर काचेच्या बारीक नळीत, पिपेटमध्ये, ते तोंडानं ओढावं लागे. पहिल्याच आठवड्यात मला खुणेवर थांबायचं जमलं नाही आणि कुणा अनोळखी माणसाचं रक्त माझ्या जिभेवर आलं. खारट होतं, कोमट. मी नळापाशी जाऊन चुळा भरत राहिले. आमचे सर मागे येऊन उभे राहिले.

"घाबरलीस?"

"नाही सर."

"मग डोळ्यांत पाणी कशाला?"

"त्या माणसाचं बोट आता परत टोचावं लागेल."

 दुपारी सर माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसले, पाण्यानं भरलेली वाटी पुढे केली आणि पिपेट ओठांत कशी धरायची, जिभेचं टोक कधी लावायचं, हे मला पाणी ओढायला लावून शिकवलं. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस माझ्यासाठी इतका वेळ बसून राहिला, याचंच मला नवल वाटत होतं. आमच्याकडे मास्तर खुर्चीवरून उठत नसत.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा जंताचं अंडं दिसलं तेव्हा मी भान विसरून "सर, माका दिसला!" असं ओरडले होते. वर्गातल्या मुलांनी ते पुढे वर्षभर जपून ठेवलं. मी प्रयोगशाळेत शिरले की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय गो, दिसला?" सर मात्र त्या दिवशी हसले नाहीत. "कोकणातली ना तू? मग हे नीट बघून घे. हे पाहुणे तुमच्याकडचेच," म्हणाले. त्याचं कवच अगदी पातळ, जवळजवळ नसल्यासारखं, आणि आत चार गोल पेशी. हा जंत ओल्या जमिनीतून अनवाणी पायात शिरतो, आतड्याला चिकटतो आणि तिथं बसून रक्त पितो. माणूस पांढरा पडत जातो, चढाला दम लागतो, आणि काम फार झालं म्हणून थकलो असं त्याला वाटत राहतं. परीक्षेत येण्याजोगं होतं, म्हणून मी ते पाठ केलं.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत घरी निघाले तेव्हा सरांनी आपलं जुनं रक्त मोजायचं उपकरण माझ्याकडे दिलं. "घरच्यांवर हात बसव. घरचे ओरडतात, पण तक्रार करत नाहीत," म्हणाले. साधं उपकरण होतं. मध्ये खुणा असलेली एक नळी, दोन्ही बाजूंना तपकिरी काचेच्या कांड्या. बोटातलं मोजकं रक्त नळीतल्या आम्लात सोडायचं, ते तपकिरी होतं. मग थेंब थेंब पाणी घालत त्याचा रंग बाजूच्या कांड्यांइतका फिका करायचा. रक्त कसदार असेल तर पाणी पुष्कळ लागतं, नळी वरपर्यंत भरते. रक्त पातळ असेल तर थोड्याच थेंबांत रंग जुळतो.

घरी आले तर बहीण पहिल्या बाळंतपणाला आलेली होती. तिचे दिवस आषाढात भरायचे होते. तिला बघून मला आनंद झाला आणि पाठोपाठ धसका बसला. ओठ फिके, पापण्यांच्या आतली कड पांढरट. एस.टी. धरायची म्हणजे आमच्या वाडीतून तरीनं, प्रवासी होडीनं, खाडी ओलांडावी लागायची, आणि पाऊस लागला की ती होडी बंद. आदल्या पावसाळ्यात वाडीतली एक बाळंतीण रक्त थांबेना म्हणून गेली होती. सुईण काही कमी हुशार नव्हती, पण खाडीच्या पलीकडे माणूस न्यायलाच आलं नव्हतं. ज्याच्या अंगात आधीच रक्त कमी, त्याच्याजवळ गमवायला काही नसतं, हे मी वॉर्डात डोळ्यांनी बघितलं होतं.

बाबा मचवा किनाऱ्याला ओढून नुकतेच घरी आले होते. मी त्यांना सांगितलं की हिला पाऊस लागायच्या आत मालवणला मामाकडे न्यायला हवं, तिथं दवाखाना जवळ आहे.

"पयला बाळातपण आवशीच्या घरात होता," आई म्हणाली. "माझ्या भावाच्या न्हय. आणि लावणी तोंडार इली, मी घर सोडून खंय जावू?"

बाबांनी विडी विझवली. "तपासणीत काय येता ता बघू. रगत कमी इला तर न्हेवया. बरा आसला तर हयसरच."

म्हणजे सगळं माझ्या हातावर आलं.

दुसऱ्या दिवशी पेज झाल्यावर मी पडवीत उपकरण मांडलं. बहिणीच्या आधी बाबांनी स्वतःचं बोट पुढे केलं, म्हणजे तिला भीती वाटू नये. सुई लागल्यावर एवढ्या मोठ्या तांडेलानं डोळे घट्ट मिटले.

"बाबानू, वादळात कसे करतास ओ?" बहीण हसत म्हणाली.

"वादळ सुई घेवन येणा नाय," बाबा म्हणाले.

त्यांची नळी चांगली वरपर्यंत भरली. मग काकी आली, तिनं टोचून घेतलं आणि घरी जाताना सगळ्या वाटेनं आपलं बोट लोकांना दाखवत गेली. मी आईला बोलावलं तर तिनं आतूनच सांगितलं, "माका काय झाला? मी धडधाकट आसंय. तू तिचा बघ."

पण बहिणीची पाळी आली तशी आई स्वतःच येऊन मध्ये बसली. आमच्याकडे पोटुशी बाईचं काही घराबाहेर जाऊ देत नाहीत. केस, नखं, अंगावरची जुनी चिंधीसुद्धा नाही. कुणाच्या हाती लागेल, कुणी काही करील, आणि ते पोटातल्या जिवावर येईल, ही भीती. मी आईला नळी दाखवली. म्हटलं, आये, रक्त या नळीत राहील, नळी या घरात राहील, आणि काम झालं की तुझ्या हातानं तू ती रिकामी कर. तेव्हा ती बाजूला सरली. आम्ही दोघी बहिणी उजेडाकडे तोंड करून बसलो. रंग जुळला तेव्हा नळी खुणांच्या नवापाशी होती. फार वाईट नाही, पण चांगलंही नाही. आईनं नळी न्हाणीमागे नेऊन धुतली आणि ते पाणी माडाच्या मुळाशी जिरवलं.

नऊवर निर्णय होईना. बाबा म्हणाले, तूच सांग. मला कारण कळायला हवं होतं. रक्त कमी आहे ते गरोदरपणामुळे, की आत काही खातं आहे? त्यासाठी शौच तपासायचं होतं, आणि त्याला लागणारा सूक्ष्मदर्शक मालवणच्या डॉक्टरांकडे होता. म्हणजे नमुना घराबाहेर जाणार, तरीवरून आणि एस.टी.तून.

आईनं ऐकून घेतलं आणि गप्प राहिली. तिचं गप्प राहणं म्हणजे नकार, हे आम्हाला माहीत होतं. पण दोन दिवसांनी सकाळी तिनंच मला न्हाणीपाशी बोलावलं आणि बामची रिकामी, घासून स्वच्छ केलेली बाटली माझ्या हातात ठेवली. वर केळीच्या सोपटानं घट्ट बांधलेलं होतं.

"घे. सकाळचा आसा," ती म्हणाली.

मला इतकं बरं वाटलं. माझ्या शिक्षणासाठी आईनं आपली एवढी मोठी भीती गिळली, असं वाटलं. मी बाटलीवर कागद चिकटवला, त्यावर बहिणीचं नाव लिहिलं आणि निघाले.

मालवणचे डॉक्टर वयस्कर, बोलायला तुटक. त्यांनी मला खिडकीपाशी जागा दिली. सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर उजेड घेऊन मी काचपट्टी लावली आणि पहिल्याच नजरेत अंडं दिसलं. पट्टी जरा सरकवली, आणखी दोन. जिथं बघावं तिथं ती पातळ कवचाची अंडी.  मी डॉक्टरांना बघायला सांगितलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"रक्त किती म्हणालीस?"

"नऊ."

"तू मोजलंस?"

"हो, मीच."

"मग कुठंतरी चुकलंय. एवढे जंत असलेल्या बाईचं रक्त नऊ राहत नाही. जा, परत मोज. आणि जंतांचं औषध तिला आता देता येणार नाही, बाळंत झाल्यावर. तोवर लोहाच्या गोळ्या. पाऊस लागायच्या आत तिला इकडं आण."

येताना एस.टी.त मी उपकरणाची एकेक पायरी आठवत होते. रक्त खुणेच्या वर गेलं होतं का? आम्लात पुरेसा वेळ ठेवलं नव्हतं का? सरांनी इतकं शिकवून माझ्या सख्ख्या बहिणीचं रक्तच मी चुकीचं मोजलं, आणि ती आहे त्याहून बरी आहे असं घरात सांगितलं. तरीत बसले तेव्हा आभाळ खाडीवर काळं धरायला लागलं होतं.

घरी पोचताच मी बहिणीला पडवीत बसवलं आणि सुई उकळायला ठेवली. बाबांना सांगितलं, अंडी पुष्कळ आहेत, रक्त परत मोजते, आणि कसंही आलं तरी हिला न्यायचंच. बहिणीचा चेहरा उतरला. तिनं पोटावर हात ठेवला.

"ताये, माका काय होतला काय गो?"

तेवढ्यात आई चुलीपुढून उठून आली. तिनं बहिणीचं बोट माझ्या हातातून सोडवून घेतलं.

"तिका परत टोचू नको," ती म्हणाली. "ता तिचा न्हय."

"काय तिचा न्हय?"

"बाटलेतला. ता माझा." आणि मग आमच्या तोंडांकडे बघून तिला हसू आलं, लाजही वाटली असावी, कारण तिनं पदर तोंडाशी धरला. "पोटुशा पोरीचा भायर कसा देवू? आणि तुका नाय म्हणू तर तू इतक्या शिकलंस, तुजा मन मोडता. म्हणान माझा दिलंय. आवशीचा आणि लेकीचा काय येगळा आसता? एकाच हंडीतला जेवतव."

बाबा आधी हसले. त्यांना ठसकाच लागला. बहीण हसत हसत रडायला लागली, की माझ्यात काही नाही, नाय ना गो ताये, माझ्यात नाय? मीही हसले असणार. मग माझं आईकडे लक्ष गेलं. ती हसायची थांबली होती आणि खांबाला टेकून श्वास घेत होती, चुलीपासून पडवीपर्यंत आली एवढ्यानं.

मला सगळं एकदम दिसायला लागलं. तांदूळ निवडताना ती दाणे तोंडात टाकत बसायची, त्याला आम्ही तिची खोड म्हणायचो. विहिरीवरून घागर आणताना घाटीच्या चढावर टेकायची, त्याला तिची गप्पांची जागा म्हणायचो. पायांवर सूज असायची, ती दिवसभर चिखलात उभी राहिल्यानं. तिचे पाय तर जन्मात चपलेत गेले नव्हते.

"आये, बोट दी," मी म्हटलं.

"माका कित्या?"

"दी."

तिनं दिलं. तिच्या बोटाची कातडी इतकी निबर होती की सुई दोनदा लावावी लागली. आलेला थेंब पाणचट होता, धुतलेल्या मांसाच्या पाण्यासारखा. आम्लात सोडल्यावर तपकिरी रंग नीट धरलाच नाही. मी पाणी घालायला सुरुवात केली आणि लगेच थांबावं लागलं. रंग जुळून गेला होता, नळी तळाशीच होती. पाचसुद्धा नव्हतं.

"किती इला?" बाबांनी विचारलं. मी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आपली त्या दिवशीची नळी किती भरली होती ते आठवलं असावं.  ते उठून खळ्यात, घरापुढच्या अंगणात, गेले आणि आभाळाकडे बघत उभे राहिले.

आई मात्र ऐकायला तयार नव्हती. लावणी तोंडावर, लेक अवघडलेली, आणि आपण आजारी म्हणून मालवणात जाऊन बसायचं, हे तिच्या बुद्धीत शिरेना. मी पुस्तकातलं सगळं सांगून पाहिलं. शेवटी बहीणच म्हणाली, "आये, माझ्यावेळी माझो हात कोण धरतला? तू चक्कर येवन पडलंस तर सुईण तुका बघात काय माका?"

आईनं तिच्या पोटाकडे बघितलं. मग म्हणाली, "आणि कुणगे?"

काकी कुंपणापलीकडे उभी राहून सगळं ऐकत होती. ती कायमच ऐकायची. "कुणगे मी लावतंय," ती म्हणाली. "जा तू. माका पण दोन हात आसत."

पाऊस लागायच्या दोन दिवस आधी आम्ही दोघींना मामाकडे पोचवलं. तरीत आई मध्ये आणि बहीण तिला टेकून, की बहिणीला आई टेकून, ते मला कळलं नाही. डॉक्टरांनी आईला जंतांचं औषध स्वतःच्या समोर पाजलं आणि दोघींना लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. मी त्या हंगामाच्या शेवटच्या बोटीनं मुंबईला परतले. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी उपकरण परत घेतलं नाही. "राहू दे तुझ्याकडे, तुझ्या आईला ते लागणार आहे," एवढंच म्हणाले.

आषाढात बहिणीला मुलगी झाली. रक्त गेलं, पण थांबलं. आई शेवटपर्यंत तिचा हात धरून उभी होती, हे मामीनं मला पुढे सांगितलं. बसायला स्टूल दिलं तरी बसली नाही म्हणे.

होडी पुन्हा सुरू झाल्यावर, चतुर्थीला, मी घाटावरून एस.टी.नं घरी आले तेव्हा दोघी बाळाला घेऊन परत आल्या होत्या. आईच्या ओठांना रंग आला होता. अजून भरपूर नाही, पण आला होता. बाबांनी तिच्यासाठी रबरी चपला आणल्या होत्या आणि कुणग्याच्या चिखलात त्या रुतून बसतात म्हणून ती रोज त्यांना शिव्या घालायची, तरी घालून जायची.

गणपती गेल्यावर, मी परत निघायच्या आदल्या सकाळी, मागच्या दाराशी बायका जमायला लागल्या. मी त्या दिवशी मालवणला डॉक्टरांकडे जाऊन येणार, हे काकीनं वाडीभर सांगितलं होतं. प्रत्येकीच्या पदराखाली काहीतरी होतं. बामच्या बाटल्या, औषधाच्या बाटल्या, एकीनं तर नारळाची लहान करवंटी आणली होती. सगळ्यांत पुढे काकी होती. मी कागदाच्या चिठ्ठ्या कापायला बसले. आई दारात उभी राहिली आणि एकेकीला अडवायला लागली.

"ह्या कोणाचा?"

"माझाच गो."

"खरा?"

"खरा. कोणाचा आणू मी?"

"मगे तेचेर नाव घालूक व्हया. नाव सांग."

काकी माझ्याकडे बघायला लागली. वाडीत ती काकी होती, वहिनी होती, थोरल्या मुलाची आवस, म्हणजे आई, होती. "लिही ना कायतरी," ती नवऱ्याच्या नावाआड दडत पुटपुटली, "घोवाचा लिही."

"घोवाचो गू नाय तो," आई म्हणाली. "तुजो आसा. तुजा नाव सांग."

बायका हसल्या. काकीनं पदर डोक्यावर ओढून घेतला, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली, आणि अगदी हळू आपलं नाव सांगितलं. लहानपणी मी तिच्या घरात जाऊन-येऊन वाढले, पण ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. फार सुंदर नाव होतं. मी ते नीट, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि चिठ्ठी बाटलीवर चिकटवली. आईनं ओली खळ बोटानं दाबून धरली आणि पुढच्या बाईकडे वळली.